कूटचलन पाकिटाच्या नवशिक्या वापरकर्त्यांसाठी आंतरक्रियात्मक लघुपाठ : स्वरूप, मर्यादा आणि पोहरादेवी परिसराचा संदर्भ

प्रस्तावना

दि. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथून प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा अठरावा हप्ता वितरित करण्यात आला. देशातील सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या बँक खात्यांत एकूण सुमारे २०,००० कोटी रुपये जमा झाले. त्याच दिवशी मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ आणि रामनवमीची यात्रा यांमुळे पोहरादेवी हे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु येथे लक्षात घ्यावयाची बाब वेगळी आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला आलेले २,००० रुपये त्याच्या हाती नोटांच्या रूपाने आले नाहीत. खात्यातील आकडा वाढला आणि तसा संदेश मोबाइलवर आला. पैसा म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा आकडा, ही समजूत आता २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यातही रुळली आहे.

याच मोबाइलवर कूटचलनाचे, म्हणजे क्रिप्टोकरन्सीचे पाकीटही काही मिनिटांत उघडता येते. ज्या पाकिटाची किल्ली सर्वस्वी वापरकर्त्याच्याच हाती असते, ते उघडण्यासाठी अर्ज, ओळखपत्र, छायाचित्र किंवा सही यांपैकी काहीही लागत नाही. बँकेत खाते उघडताना समोर बसलेला कर्मचारी निदान चार सूचना देतो. येथे समोर कोणीच नसते. म्हणून नवशिक्याला शिकविण्याचे काम त्या पडद्यानेच करावे, तेही दोन-चार मिनिटांच्या लहान लहान पाठांतून करावे, असा विचार अलीकडे पुढे आला आहे. असे लघुपाठ कितपत उपयुक्त ठरू शकतात, कोठे अपुरे पडतात आणि मराठी व गोरबोली बोलणाऱ्या नवशिक्यांसाठी ते कसे असावेत, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. कूटचलनात गुंतवणूक करावी किंवा कसे, हा या लेखाचा विषय नाही. तथापि, न शिकता पाकीट उघडणे हे न शिकता वाहन चालविण्यासारखे आहे आणि महाविद्यालयीन तरुण हे वाहन आधीच रस्त्यावर आणीत आहेत, एवढे गृहीत धरावे लागते.

'पाकीट' या शब्दाचा घोळ

शिकविण्याची पहिली अडचण शब्दातच आहे. मोबाइलमधील 'वॉलेट' या एका शब्दाने आज किमान तीन वेगळ्या गोष्टी दर्शविल्या जातात. पहिली, कंपनीकडे आगाऊ पैसे भरून ठेवण्याचे प्रीपेड वॉलेट. दुसरी, भारतीय रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत किरकोळ वापरासाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेल्या ई-रुपयाचे वॉलेट. हा रुपया रिझर्व्ह बँकेचाच असतो आणि बँकेच्या ॲपमधून वापरला जातो. तिसरे कूटचलनाचे पाकीट. पहिल्या दोहोंत पैसा खरोखरच कोणाकडे तरी ठेवलेला असतो, किंवा कोणत्या तरी संस्थेने दिलेला असतो. तिसऱ्या पाकिटात मात्र चलन नसतेच. ते चलन ज्या सामायिक नोंदवहीत नोंदलेले असते, तिला ब्लॉकचेन म्हणतात. ती जगभरच्या हजारो संगणकांवर असते. पाकिटात असते ती केवळ किल्ली, म्हणजे एक अतिप्रचंड गुप्त संख्या. ती ज्याला ठाऊक, तो नोंद बदलण्याचा आदेश देऊ शकतो.

वाणिज्याच्या प्राध्यापकांना हा भेद हुंडीच्या उदाहरणाने चटकन सांगता येईल. शाहजोग हुंडीचे पैसे पतदार शाहालाच मिळत. देणारा माणूस ओळख पाहून पैसे देई. धनीजोग हुंडीत ती जो घेऊन येईल त्याला पैसे मिळत. बँक खाते हे शाहजोग आहे, कूटचलनाचे पाकीट धनीजोग आहे. नव्या पिढीला हुंडी माहीत नसते हे खरे, पण आजोबांना असते, आणि शिकविताना आजोबांची मदत घेण्यास काही हरकत नसावी.

किल्ली म्हणजेच मालकी, हे सूत्र किती शब्दशः खरे आहे, याचे उदाहरण पुण्यातच आहे. गेनबिटकॉइन या योजनेत दरमहा १० टक्के दराने १८ महिने बिटकॉइनच्या स्वरूपात परतावा देण्याचे आमिष दाखविण्यात आले होते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये योजनेच्या प्रमुखास अटक केली. पुढे मार्च २०२२ मध्ये याच तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना अटक झाली. तपासासाठी हाती आलेल्या पाकिटांतील काही चलन त्यांनी स्वतःकडे वळविले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. मात्र असा आरोप संभवतो, यातच या वस्तूचे स्वरूप स्पष्ट होते. जप्त केलेली दुचाकी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असते; जप्त केलेली किल्ली ज्याने एकदा पाहिली, त्याच्यापाशी ती राहतेच.

यूपीआयची सवय : आधार आणि अडथळा

ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे अध्यापनाचे जुने सूत्र. त्यानुसार कूटचलनाचे पाकीट यूपीआयच्या आधारे शिकवावे, असे कोणासही वाटेल. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय आज चहाच्या टपरीपासून यात्रेतील दुकानापर्यंत पोहोचली आहे. क्यूआर संकेत वाचणे, रक्कम टाकणे, पिन देणे या क्रिया हातवळणी झाल्या आहेत. परंतु नेमकी ही सवयच येथे घात करते, आणि या लेखातील विवेचनाचा मुख्य भर याच मुद्द्यावर आहे.

यूपीआयचा पिन विसरला, तर डेबिट कार्डाच्या किंवा आधारच्या साहाय्याने तो नव्याने ठरविता येतो. कूटचलन पाकिटाचे पुनर्प्राप्तीचे शब्द हरवले आणि ॲपही नाहीसे झाले, तर ते पुन्हा देणारी कोणतीही कचेरी अस्तित्वात नाही. यूपीआयमध्ये पैसे पाठविण्यापूर्वी समोरच्याचे नाव पडद्यावर दिसते. येथे नाव नसते, पत्ता असतो. इथेरियम जाळ्यावरील पत्ता शून्य व एक्स या दोन चिन्हांनंतर ४० अक्षर-अंकांचा असतो. यूपीआयमध्ये फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तातडीने तक्रार केली असता पैसे पुढच्या बँकेत रोखून धरता येण्याची शक्यता असते. कूटचलनाबाबतही तक्रार अवश्य करावी, कारण चोरलेले चलन एखाद्या विनिमय केंद्रात आले तर ते गोठविता येते. परंतु ते एका खाजगी पाकिटातून दुसऱ्या खाजगी पाकिटात गेले असेल, तर मध्ये थांबविणारे कोणी नसते.

म्हणजे बोटांची हालचाल तीच, परंतु परिणाम अगदी वेगळा. मानसशास्त्रात पूर्वीचे शिक्षण नव्या शिक्षणाच्या आड येण्याला ऋण संक्रमण म्हणतात. डावीकडून वाहन चालविण्याची सवय झालेला मनुष्य उजवीकडून चालणाऱ्या देशात गेला, की गाडी चालविणे त्याला येत असूनही, किंबहुना येत असल्यामुळेच, तो चुकतो. म्हणून पाकिटाच्या लघुपाठांनी यूपीआयशी असलेले साम्य दाखवून नवशिक्याला आश्वस्त करण्याऐवजी फरकापाशी त्याला थांबवावे. उपलब्ध लघुपाठांपैकी बहुतेकांचा सूर 'हे किती सोपे आहे' असा असतो. हा सूर विक्रेत्याचा आहे, शिक्षकाचा नव्हे.

लघुपाठाची परंपरा

लहान घास, लगेच प्रश्न, लगेच उत्तर ही पद्धत मोबाइलने आणलेली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात अध्यापन यंत्रे तयार केली. विषयाची लहान चौकटींत विभागणी, प्रत्येक चौकटीत विद्यार्थ्याची कृती आणि तत्काळ प्रतिसाद हे त्यांच्या क्रमान्वित अध्ययनाचे सूत्र शिक्षणशास्त्र पदवीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्याही आधी १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस यांनी विस्मरणाचा वक्र मांडला. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये बोधात्मक भाराची संकल्पना मांडून, एका वेळी मनावर पडणारा भार मर्यादेबाहेर गेला की शिकणे थांबते, हे दाखविले. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतः आठवून चाचणी देणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्यानंतर अधिक राहिला, असे आढळले. लघुपाठाला जो शास्त्रीय आधार आहे, तो हा. नुसते छोटे असणे हा गुण नव्हे. आठवावयास लावणे आणि काही दिवसांनी पुन्हा विचारणे हा गुण आहे.

महाराष्ट्राला संगणक-साक्षरतेच्या मोठ्या अभ्यासक्रमांचाही अनुभव आहे. एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे. केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात २०१७ ते मार्च २०२४ या काळात ६.३९ कोटी व्यक्तींना प्रशिक्षण दिल्याची नोंद आहे. तो २० तासांचा अभ्यासक्रम होता, त्यात डिजिटल देयकांचाही समावेश होता आणि कुटुंबातील एका व्यक्तीस शिकविण्याचे धोरण होते. एका व्यक्तीने शिकावे आणि घरातील इतरांना सांगावे, ही अपेक्षा योग्यच होती. परंतु २० तास सलग शिकलेले ज्ञान सहा महिन्यांनी, एखाद्या दुपारी अनोळखी दूरध्वनी आल्यावर, नेमके आठवेल याची शाश्वती नसते. लघुपाठाचे स्थान येथे आहे. मोठ्या अभ्यासक्रमाला पर्याय म्हणून नव्हे, तर त्याची उजळणी प्रसंगाच्या जवळ नेऊन ठेवणारे साधन म्हणून.

बारा शब्दांचा पाठ

नवे पाकीट उघडताच पडद्यावर बहुधा बारा इंग्रजी शब्द येतात आणि ते कागदावर लिहून ठेवण्यास सांगितले जाते. २०१३ मध्ये मांडल्या गेलेल्या बीआयपी-३९ या प्रमाणानुसार हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. बारा शब्दांमागे १२८ द्विमान अंकांची यादृच्छिक संख्या दडलेली असते. तिच्या शक्य प्रकारांची संख्या ३९ अंकी होते. म्हणून अंदाजाने हे शब्द शोधणे व्यवहारतः अशक्य आहे. चोर अंदाज करीत बसत नाही, तो मागतो. 'शब्द कोणासही सांगू नये' या सूचनेमागचे गणित विद्यार्थ्यांना सांगितले, तर सूचना आज्ञा न राहता समजुतीचा भाग होते.

या यादीच्या अधिकृत आवृत्त्या इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज आणि चिनी भाषांत आहेत. एकाही भारतीय भाषेत नाही. हा केवळ अस्मितेचा प्रश्न नव्हे, त्यात प्रत्यक्ष धोका आहे. मराठी माध्यमातून शिकलेली व्यक्ती इंग्रजी शब्द ऐकून देवनागरीत लिहिते, आणि तेथेच स्पेलिंग हरवते. थांबणे या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि ओला या अर्थाचा इंग्रजी शब्द हे दोन्ही देवनागरीत 'वेट' असेच लिहिले जातात, आणि दोन्ही त्या यादीत आहेत. वर्षभराने कागद काढला, तर कोणता 'वेट' हे कोण सांगणार? त्यावर उपाय सोपा आहे. यादी अशी रचलेली आहे की प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. तेव्हा रोमन लिपीतील पहिली चार अक्षरे, सुटी सुटी, मोठी आणि क्रमांकासह लिहिण्याचा सराव करून घ्यावा. हा एक संपूर्ण लघुपाठ होऊ शकतो, आणि जे लघुपाठ परभाषेतून केवळ भाषांतरित होऊन येतात, त्यांत तो कधीच असणार नाही.

क्रमाचे महत्त्वही करून दाखविता येते. सरावाच्या पाकिटात शब्द भरताना मुद्दाम दोन शब्दांची अदलाबदल करावयास सांगावे. शेवटच्या शब्दात पडताळणीचे चार द्विमान अंक गुंतलेले असतात, त्यामुळे सरासरी सोळापैकी पंधरा वेळा पाकीट तो क्रम नाकारते. उरलेल्या एका वेळी मात्र ते मुकाट्याने उघडते, आणि त्यात काहीच नसते, कारण ते दुसरेच पाकीट असते. सोळावी वेळ वर्गात एखाद्याच्या वाट्याला आली, तर तो पाठ कोणी विसरणार नाही.

सहीपूर्वीचे वाचन

बारा शब्दांइतकाच महत्त्वाचा, परंतु लघुपाठांत बहुधा घाईने उरकला जाणारा विषय म्हणजे सही. पाकिटातील 'मान्य करा' हे बटण दाबणे म्हणजे सही करणे होय. कशावर सही करीत आहोत, हे पडद्यावर अनेकदा दुर्बोध भाषेत असते. काही संकेतस्थळे अशा सहीने वापरकर्त्याच्या चलनातून अमर्याद रक्कम काढण्याची परवानगी घेतात. कोऱ्या धनादेशावर सही करण्याचाच हा प्रकार, फरक एवढाच की हा धनादेश रद्द करेपर्यंत जिवंत राहतो.

जाणकारही येथे फसतात, हे मुंबईत उभ्या राहिलेल्या वझीरएक्स या विनिमय केंद्राच्या उदाहरणावरून दिसते. दि. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे कूटचलन चोरीस गेले. ते पाकीट एकाच किल्लीचे नव्हते. महिला बचत गटाच्या बँक खात्यातून पैसे काढताना अध्यक्ष व सचिव दोघींच्या सह्या लागतात. तसेच त्या पाकिटासाठी अनेक व्यक्तींच्या सह्या आवश्यक होत्या. तरीही सह्या झाल्या. पडद्यावर दिसत असलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीने निवेदनात म्हटले. या चोरीमागे उत्तर कोरियाशी संबंधित टोळ्या असल्याचे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मधील संयुक्त निवेदनात नमूद केले. ग्राहकांचे कूटचलनाचे व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी केंद्रातून सुमारे १५० कोटी डॉलरची चोरी झाली, तीही याच धाटणीची होती.

या घटनेतून नवशिक्याला दोन बाजूंनी शिकता येते. चलन विनिमय केंद्राकडेच राहू दिले, तर किल्ली त्यांची आणि जोखीम आपली. स्वतःच्या पाकिटात घेतले, तर किल्लीही आपली आणि चूकही आपली. बचत गटाची सचिव सही करण्यापूर्वी रक्कम, नाव आणि तारीख वाचते. ज्या बायकांना वाचता येत नाही त्या कोणाकडून तरी वाचून घेतात. हीच रीत पाकिटाच्या पाठात आणावयास हवी. पडद्यावरील मजकूर मोठ्याने मराठीत सांगता आला, तरच बटण दाबावे. सांगता आला नाही, तर ते पान मिटावे. पत्त्याबाबतही तसेच. फसविणारे लोक पहिली व शेवटची काही अक्षरे जुळणारा पत्ता तयार करून वापरकर्त्याच्या व्यवहारयादीत घुसवितात, म्हणजे पुढच्या वेळी तोच नकलून घेतला जावा. मे २०२४ मध्ये अशाच चुकीने एका व्यक्तीचे सुमारे ६.८ कोटी डॉलरचे चलन परक्या पत्त्यावर गेले होते. ते पुढे बहुतांशी परत मिळाले, हा अपवाद. पाठात म्हणून मधली अक्षरे तपासावयास लावावीत.

एका लघुपाठाचा नमुना

चार मिनिटांचा पाठ कसा असावा, याचा नमुना पुढे दिला आहे. पाकीट सरावाचे असावे. टेस्टनेट या नावाची जाळी याच कामासाठी असतात. इथेरियमच्या सेपोलिया या जाळ्यावर बाजारात किंमत नसलेले चलन मिळते आणि बाकी सर्व क्रिया खऱ्यासारख्या होतात.

पडद्यावर संदेश येतो : 'आपले पाकीट २४ तासांत बंद होणार आहे. चालू ठेवण्यासाठी आपले बारा शब्द भरा.' खाली तीन बटणे : 'शब्द भरतो', 'आधी घरी विचारतो', 'संदेश पुसतो'. पहिले बटण दाबल्यावर 'उत्तर चूक' असे मुळीच दाखवू नये. सरावाच्या पाकिटातील रक्कम डोळ्यांदेखत शून्य व्हावी, व्यवहारयादीत एक अनोळखी पत्ता दिसावा आणि खाली एक नवे बटण यावे : 'पैसे परत मागा'. शिकणारा ते दाबतो. काहीच होत नाही. पुन्हा दाबतो, पुन्हा काहीच होत नाही. या निरुत्तर बटणातच संपूर्ण पाठ आहे. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी हाच प्रसंग दूरध्वनीच्या रूपात यावा, बोलणारा आदबीने 'दादा', 'ताई' म्हणणारा असावा. आठवड्याने तोच प्रसंग बक्षिसाच्या रूपात यावा. रूप बदलले तरी मागणी तीच आहे, हे ओळखता आले म्हणजे शिकणे झाले. सौम्य मात्रेत फसवणुकीचा अनुभव देऊन पुढील फसवणुकीविरुद्ध मन तयार करणे, ही कल्पना विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात लसीकरणाच्या रूपकातून मांडली होती.

'आधी घरी विचारतो' या उत्तराला मात्र पूर्ण गुण द्यावेत. बहुतेक तयार पाठांत असा पर्यायच नसतो, कारण ते एकट्या वापरकर्त्याची कल्पना करून लिहिलेले असतात. बंजारा तांड्याच्या परंपरेत नायक आणि कारभारी यांच्याबरोबर हिशेब पाहणारा हसाबी असे. व्यवहार चारचौघांत बोलून होत. मोबाइलने पैसा एकट्याचा केला आणि फसविणाऱ्याचे पहिले वाक्य 'कोणाला सांगू नका' हेच असते. लघुपाठ दोघांनी मिळून सोडवावा, एकाने वाचावा आणि दुसऱ्याने बटण दाबावे, अशी रचना करणे तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, ती प्रामुख्याने मौखिक परंपरेने टिकली आहे. म्हणून या परिसरासाठी पाठ ऐकण्याचे असावेत, आणि ते तांड्यातल्याच आवाजात ध्वनिमुद्रित व्हावेत. आधी जाणून घ्यावे, मग पारखावे आणि त्यानंतरच मानावे, या आशयाची शिकवण सेवालाल महाराजांच्या नावे तांड्यांत सांगितली जाते. पाठाचा क्रम लावण्यासाठी याहून वेगळे सूत्र शोधण्याची आवश्यकता नाही.

प्रलोभन, कायदा आणि लघुपाठाची मर्यादा

कूटचलनाच्या क्षेत्रातील कंपन्यांनी स्वतःच लघुपाठ काढले आहेत. अमेरिकेतील कॉइनबेस या केंद्राने २०१८ मध्ये लहान चित्रफीत पाहून प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यास थोडे कूटचलन देण्याची योजना सुरू केली. शिकण्याची प्रेरणा म्हणून ती कल्पक खरी. परंतु ज्या चलनाविषयी शिकावयाचे तेच बक्षीस म्हणून मिळत असेल, तर पाठ त्या चलनाचे दोष कितपत सांगणार? शिवाय बक्षिसासाठी दिलेली उत्तरे बक्षीस मिळताच विसरली जातात. महाविद्यालयाने पाठ तयार केल्यास त्याला विकावयाचे काही नसते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

कायदेशीर स्थिती थोडक्यात सांगावी लागेल. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ पासूनच जनतेला सावध केले. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरविले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणावर १ टक्का उद्गम करकपात लागू केली. मार्च २०२३ मध्ये हे व्यवसाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. कूटचलन बंदी असलेले नाही, आणि वैध चलनही नाही. एका चलनात १०,००० रुपये नफा आणि दुसऱ्यात तेवढाच तोटा झाला, तरी तोटा वजा होत नाही. नफ्यावर ३,००० रुपये व त्यावरील उपकर भरावाच लागतो. कर लागतो म्हणजे शासनाची मान्यता आहे, असा युक्तिवाद गावोगाव फिरणारे प्रतिनिधी करतात. तो सर्वस्वी चुकीचा आहे.

कराचा हिशेब चार मिनिटांत शिकविता येणार नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये. वारसाचा प्रश्नही असाच. बँक खात्याला नामनिर्देशन असते; स्वतःच्या किल्लीच्या पाकिटाला ते नसते. रोजगारासाठी वर्षातील काही महिने पुणे-मुंबईकडे जाणाऱ्या कुटुंबाने बारा शब्दांचा कागद कोठे ठेवावा? बंद घरात ठेवला तर पाऊस, उंदीर आणि चोरी. सोबत नेला तर प्रवास. ज्याच्याकडे ठेवला त्याने वाचला तर? येथे तयार उत्तर नाही, घरात बसून बोलावे लागते. लघुपाठाने एवढेच करावे की हा प्रश्न विचारून थांबावे आणि पुढील पायरी दोन दिवस बंद ठेवावी.

मूल्यमापन

पाठ पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हे येथे मूल्यमापन होऊ शकत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात रोज दोन पाठ सहज घेता येतील. परंतु कसोटी शिबिर संपल्यावर एका महिन्याने घ्यावी. सहभागी व्यक्तीस सरावाच्या पाकिटाचे ॲप मोबाइलमधून काढून टाकावयास सांगावे. नंतर दुसऱ्या मोबाइलवर, केवळ स्वतःच्या कागदावरून, तेच पाकीट पुन्हा उघडावयास सांगावे. कागद सापडला का, अक्षर लागले का, क्रम बरोबर होता का, हे तेथे आपोआप दिसते. त्याच आठवड्यात, पूर्वसूचना न देता, शब्द मागणारा एक संदेशही यावा. अशी चाचणी होणार एवढी संमती शिबिराच्या पहिल्या दिवशी घेतलेली असावी. किती जणांनी शब्द दिले, किती जणांनी संदेश पुसला आणि किती जणांनी आधी घरी किंवा शिक्षकांना विचारले, या तिन्ही संख्या स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. ज्यांना ही सर्व खटाटोप पाहून पाकीट उघडूच नये असे वाटले, त्यांची नोंद चौथ्या रकान्यात घ्यावी आणि त्यांना अनुत्तीर्ण समजू नये.